चटईभर जागा

गेल्या महिन्यात नेहमीच्या तपासण्या केल्या, तेव्हा डॉक्टरांनी कागदावरच्या एका आकड्याभोवती पेनाने गोल काढला. साखर. अजून मधुमेह म्हणता येणार नाही, पण उंबरठ्यावर आहात, असं म्हणाले. "आजी, गोळी लांबवायची असेल तर दोन गोष्टी करा. ताटात काय वाढून घेता ते बघा, आणि रोज अर्धा तास अंग हलवा."

घरी आले तर बातमी माझ्याआधी पोचलेली. सुनेने त्याच संध्याकाळी भाताचं लहान पातेलं काढलं. मुलाने ज्वारीचं पीठ आणलं. नातीने आपलं जुनं घड्याळ माझ्या मनगटावर बांधलं आणि बजावलं, "आजी, रोज दहा हजार पावलं. मी रात्री बघणार." आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांच्या वह्या तपासल्या, आता माझी वही तपासणारी घरातच तयार झाली!

मी शाळेत इतिहास शिकवला. त्यामुळे कुठल्याही गोष्टीचं मूळ शोधल्याशिवाय मला ती पचत नाही, मग ती ज्वारीची भाकरी का असेना. आमच्या घरात हे 'अंग हलवणं' आणि 'बघून खाणं' आलं कधी, कुठून, हे आठवत बसले. आठवता आठवता गाडी गिरगावातून थेट औंधला पोचली.

गिरगावात आमची दहा बाय बाराची खोली होती आणि माणसं सहा. पहाटे साडेपाचला बाबा खोलीच्या मधोमध चटई अंथरत आणि सूर्यनमस्कार घालत. अंगात सँडो बनियन, खाली पंचा. मोठ्याने मंत्र म्हणत, पण शेजारी जागे होणार नाहीत इतपतच मोठ्याने. रोज पन्नास. आम्ही मुलं भिंतीला चिकटून अर्धवट झोपेत ते मोजायचो. बाबांचं बालपण औंध संस्थानात गेलं होतं. १९३० च्या दशकात ते तिथल्या शाळेत शिकले आणि तिथे नमस्कार सक्तीचे होते. ते सांगत, "गणित चुकलं तर चालायचं, नमस्कार चुकला तर नाही."

औंधचे राजे म्हणजे भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. जन्म १८६८, निधन १९५१. स्वतः चित्रकार, कीर्तनकार, आणि पुढे गांधीजींच्या सल्ल्याने आपल्या छोट्या संस्थानात प्रजेच्या हाती कारभार देणारे. त्यांच्या तरुणपणी जगभर युजेन सँडो या पहिलवानाचं वेड होतं. सँडो लंडनमधून पुस्तकं आणि व्यायामाची उपकरणं विकायचा. १९०४-०५ मध्ये तो हिंदुस्थानात खेळ करायलाही येऊन गेला. बाळासाहेबांनी त्याआधीच, १८९७ च्या सुमारास, त्याची उपकरणं मागवली आणि साधारण दहा वर्षं त्या पद्धतीने व्यायाम केला. मग १९०८ च्या सुमारास मिरजेच्या राजेसाहेबांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले. पुढच्याच वर्षी गादीवर आले आणि नमस्कार हाच त्यांचा ध्यास झाला.

नमस्कार काही त्यांनी शोधून काढले नाहीत. घरोघरी, देवापुढे आणि तालमीत ते आधीही घातले जात. त्यांचे वडीलही घालत. बाळासाहेबांनी केलं ते असं की त्याला पद्धत दिली, दहा स्थिती ठरवून दिल्या, श्वास कुठे घ्यायचा आणि कुठे सोडायचा ते सांगितलं, आणि ते देवघरातून काढून शाळेच्या पटांगणात आणले. १९३६ मध्ये ते इंग्लंडला गेले, तिथेही त्यांनी हाच प्रचार केला. लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंनी संपादित केलेलं त्यांचं 'द टेन पॉइंट वे टू हेल्थ' हे इंग्रजी पुस्तक १९३८ मध्ये लंडनहून निघालं. आज माझी भाची परदेशात योगवर्गाला पैसे भरून 'सन सॅल्युटेशन' करते. त्या वाटेवरचा एक मोठा टप्पा हे सातारा जिल्ह्यातलं चिमुकलं संस्थान आहे, हे मी तिला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "आत्या, खरंच? आमच्या टीचर तर म्हणतात हजारो वर्षांपूर्वीचं आहे." सूर्याला नमस्कार करणं जुनंच आहे, पण व्यायाम म्हणून श्वास मोजत रोज घालायची ही शिस्त मात्र बरीचशी विसाव्या शतकातली. गंमत अशी की राजेसाहेबांनी सँडो सोडला, पण बाबांच्या अंगावरच्या बनियनमधून तो काही गेला नाही.

मला आता वाटतं, औंधच्या या व्यायामाने मुंबईत पाय रोवले याचं एक अगदी साधं कारण आहे. त्याला जागा किती लागते? पालथा माणूस मावेल इतकी. म्हणजे एक चटई. डंबेल्स ठेवायला कपाट नको, उड्या मारून खालच्या बिऱ्हाडाचा शिव्याशाप नको.

ज्यांना चटईपुरतीही जागा नव्हती ते घराबाहेर गेले. लालबाग-परळला गावकीच्या खोल्या होत्या. एकेका खोलीत वीस-पंचवीस गिरणी कामगार पाळीपाळीने झोपत. एक पाळी कामावरून आली की दुसरीने अंथरूण रिकामं करायचं. अशा खोलीत कोण व्यायाम करणार? मग सातारा-कोल्हापूरकडून आलेल्या मंडळींनी चाळींच्या आसपास तालमी आणि व्यायामशाळा काढल्या. लाल माती, जोर-बैठका, मारुतीची तसबीर. दादरकरांना १९२५ मध्ये मैदान मिळालं. ते आधी माहीम पार्क होतं, १९२७ मध्ये शिवाजी पार्क झालं. तिथल्या समर्थ व्यायाम मंदिराचा जन्मही १९२५ चाच. तिथल्या मल्लखांबावर पुढे कित्येक पिढ्या चढल्या. आम्हा गिरगावकरांना चौपाटी होती, आणि १९३६ पासून मरीन ड्राइव्हवर स्वामी कुवलयानंदांच्या कैवल्यधामची शाखा. लोणावळ्याला १९२४ पासून आसनं आणि प्राणायामाचा प्रयोगशाळेत अभ्यास करणारे हे गृहस्थ. त्यांच्यामुळे 'योग म्हणजे साधू-बैराग्यांचं काम' हा समज पुष्कळ कमी झाला.

म्हणजे ज्याला जितकी जागा, तितका त्याचा व्यायाम. हे झालं अंग हलवण्याचं. बघून खाण्याची कथा निराळी, कारण ताटात काय पडणार हे आम्ही ठरवतच नव्हतो.

मुंबईत रेशनिंग सुरू झालं २ मे १९४३ ला, महायुद्ध चालू असताना. माझा जन्म त्यानंतर सात वर्षांनी झाला, तरी रेशनकार्ड हा आमच्या घरातला देव्हाऱ्यानंतरचा दुसरा पवित्र जिन्नस होता. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी धान्य वाचवण्यासाठी आठवड्यातून एक जेवण सोडायचं आवाहन केलं, तेव्हा आमच्याकडे सोमवारी रात्री चूल बंद असायची. मी पंधरा वर्षांची होते. पोटात कावळे ओरडायचे, पण देशासाठी उपाशी आहोत याचा अभिमानही वाटायचा.

मग आली मिलो. अमेरिकेहून पीएल-४८० योजनेखाली गव्हाबरोबर आलेली लालसर ज्वारी. अमेरिकेत ती मुख्यतः जनावरांना घालतात हे सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे ती रेशनवर आली की बायका पिशवी घेताना आधी तोंड वाकडं करत. भाकरी थापताना ती फाटायची. आई त्यात थोडं गव्हाचं पीठ मिसळून वेळ मारून न्यायची. १९७२ च्या दुष्काळात तर तिच्याकडे तोंड वाकडं करायचीही सोय राहिली नाही.

दुधाचं तसंच. पहाटे आरेच्या केंद्रावर रांग लावायची, कार्ड दाखवायचं, काचेची बाटली घ्यायची. त्यात टोन्ड दूध नावाचा प्रकार होता. मुंबईच्या दूधयोजनेचे शिल्पकार दारा खुरोडी यांनी तो १९४० च्या दशकात सुरू केला. म्हशीच्या घट्ट दुधात पाणी आणि साय काढलेल्या दुधाची पावडर घालायची, म्हणजे स्निग्धांश निम्म्यावर येतो, दूध वाढतं, आणि गरिबाला परवडतं. खुरोडींना १९६३ मध्ये वर्गीज कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण आमचे बाबा त्या दुधाला 'सरकारी पाणी' म्हणत. तुपाच्या जागी डालडा होता. १९३७ पासून बाजारात आलेला, पिवळ्या डब्यातला. त्या रिकाम्या डब्यात तुळस लावली नाही असं घर दाखवा!

आता डॉक्टरांनी दिलेला कागद समोर ठेवते आणि मला हसू येतं. ज्वारीची भाकरी खा. दूध कमी स्निग्धांशाचं घ्या. रात्रीचं जेवण हलकं, जमल्यास आठवड्यातून एखादं सोडा. जे आम्ही नाइलाजाने गिळलं, ते आता पथ्य म्हणून लिहून मिळतं! त्या कागदात फक्त डालडा तेवढा नाही. तो शत्रू निघाला. २०२३ हे वर्ष तर संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलं, तेही भारताच्या सूचनेवरून. आमची आई असती तर म्हणाली असती, "मिलोच्या रांगेत उभे होतात का रे तेव्हा कोणी?"

जिन्यांचंही असंच. १९७३ मध्ये लग्न होऊन मी लालबागच्या चाळीत आले, तिसऱ्या मजल्यावर. एका मजल्याला बावीस पायऱ्या. शाळा, भाजी, दळण, रेशन, मुलांना आणणं असे दिवसातून पाच वेळा तरी चढायचे. म्हणजे तीनशे तीस पायऱ्या. पुढे केव्हातरी लंडनच्या डॉक्टर जेरी मॉरिस यांच्या अभ्यासाबद्दल वाचलं. १९५३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात तो आला होता. लंडनच्या डबलडेकर बसचे ड्रायव्हर दिवसभर बसून, आणि कंडक्टर दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढणारे. दोघांचं राहणीमान साधारण सारखं, पण हृदयविकाराचं प्रमाण कंडक्टरांमध्ये खूपच कमी. व्यायाम आणि हृदय यांचं नातं आकड्यांनी दाखवणारा हा पहिल्या मोठ्या अभ्यासांपैकी एक. आपल्या बेस्टकडेही १९३७ पासून डबलडेकर होत्या. त्या जिन्यावरून खाली-वर करत तिकिटं फाडणारे आमचे कंडक्टर आठवले. त्यांना कोणी मोजलं होतं का कुणास ठाऊक. मी आपली माझ्यापुरती मोजणी केली, तर मी निम्मी कंडक्टर होते.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले आणि त्यातले पुष्कळ पुन्हा कधी कामावर गेलेच नाहीत. त्या दु:खाबद्दल लिहायला घेतलं तर हा लेख संपायचा नाही. पुढे गिरण्यांच्या जमिनीवर टॉवर आणि मॉल आले. आमची चाळही पाडून नवी इमारत झाली. २०१२ पासून आम्ही अकराव्या मजल्यावर आहोत. लिफ्ट आहे, संडास घरात आहे, नळाला पाणी आहे. तळमजल्यावर व्यायामाची खोली आहे, तिच्यात चालायचा पट्टा आहे. जागेवरच चालायचं, कुठेही पोचायचं नाही. मी कौतुकाने एकदा चढले आणि घाबरून उतरले.

इथपर्यंत लिहिलं तेव्हा माझा लेख 'जुनं ते सोनं' म्हणून संपवायला अगदी तयार होता. भाकरी, जिने, उपास, नमस्कार. आमच्या पिढीचं सगळं कसं छान होतं! पण संपवता येईना. कारण आई आठवली.

बाबा पहाटे साडेपाचला चटई अंथरत असं मी वर लिहिलं. पण त्या खोलीत सहा माणसं झोपलेली असायची. मग मधोमध चटईभर जागा यायची कुठून? आई साडेचारला उठायची, कारण नळाला पाणी पाच वाजता यायचं. पिंप भरायची, स्वतःचं आणि धाकट्यांचं अंथरूण गुंडाळायची, आम्हाला भिंतीकडे सरकवायची आणि मध्ये झाडून घ्यायची. मग बाबा चटई अंथरायचे. तिथून ती मोरीपाशी स्टोव्ह पेटवायला. बाबांचे नमस्कार होईपर्यंत चहा तयार. तोपर्यंत दादाला उठवायचं, कारण दादानेही बारा घालायचे असा बाबांचा नियम होता. मला आणि ताईला तो नियम नव्हता. आम्ही आईच्या हाताखाली.

जेवायला ती शेवटी बसायची. भाजी संपलेली असली तर भाकरी आणि चटणी. शास्त्रीजींच्या सोमवारची जमवाजमव तिला करावी लागली नाही, तिचे अर्धे वार तसेच असत. पन्नाशीत तिला फार थकवा यायला लागला तेव्हा पहिल्यांदा रक्त तपासलं. हिमोग्लोबिन सात. डॉक्टर बाबांना म्हणाले, "अहो, ह्या इतकी वर्षं उभ्या कशा होत्या?" १९८८ मध्ये ती गेली, एकसष्टाव्या वर्षी. बाबा चौऱ्याऐंशी वर्षं जगले आणि अठ्ठ्याहत्तरीपर्यंत नमस्कार घालत होते. दोघांनी खाल्लं रेशनचंच धान्य, प्यालं सरकारी पाणी घातलेलंच दूध. एकाच खोलीत.

मला बाबांना दोष द्यायचा नाही. ते प्रेमळ होते, आईला कधी लागेल असं बोलले नाहीत. पण एक गोष्ट मला आत्ताच कळली, हा लेख लिहायला घेतल्यावर. औंधच्या राजेसाहेबांचा आग्रह असा होता की बायकांनीही नमस्कार घालावेत. त्यांच्या राणीसाहेब घालत, संस्थानातल्या मुलीही घालत. म्हणजे बाबा ज्या शाळेतून हे शिकून आले, तिथे ही गोष्ट उघड सांगितली जात होती. आई ज्या 'स्त्री' मासिकाची शेजारणीकडून वाट बघायची, ते किर्लोस्करांचं मासिकसुद्धा १९३० मध्ये त्याच औंध संस्थानातल्या किर्लोस्करवाडीहून निघालेलं. नमस्कार आले, मासिक आलं, फक्त पहाटेची ती पंचवीस मिनिटं आईपर्यंत आली नाहीत. वाटेत पाण्याचा नळ आडवा आला.

ही काही आमच्याच घरची गोष्ट नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी निघाल्या. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के. आणि त्याचं सावट पुढच्या पिढीवर पडतं. पुण्याच्या केईएमचे (परळचं नव्हे) डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हा विषय आयुष्यभर अभ्यासला. २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये त्यांनी आपला आणि जॉन युडकिन या इंग्रज डॉक्टरमित्राचा फोटो छापला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं, बीएमआय २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबी. डॉ. याज्ञिकांचं म्हणणं असं की याची पाळंमुळं आईच्या पोटातल्या पोषणापर्यंत जातात. हे वाचलं आणि डॉक्टरांनी गोल केलेला माझा आकडा वेगळा दिसायला लागला. मी कधीच जाड नव्हते. शेवटच्या पंगतीला बसणाऱ्या बाईची मुलगी होते. माझ्या साखरेचं कारण तेवढंच आहे असं मी म्हणणार नाही, अकरा मजल्यांची लिफ्ट आणि सणासुदीच्या पुरणपोळ्याही आहेत. पण हिशेब मांडताना हाही आकडा धरायला हवा.

असो. तर आता माझं काय चाललंय ते सांगते, म्हणजे फोनवर पुन्हा पुन्हा सांगायला नको.

दहा हजार पावलांचा मी निकाल लावला. हा आकडा कुठल्या ऋषीने वा डॉक्टरने दिलेला नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला काढलं, त्याचं नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. नाव चांगलं होतं म्हणून चिकटलं. २०१९ मध्ये अमेरिकेत सरासरी ७२ वर्षांच्या बायकांचा अभ्यास झाला. त्यात दिवसाला सुमारे ४४०० पावलं चालणाऱ्यांनाही, २७०० चालणाऱ्यांपेक्षा, बराच फायदा दिसला, आणि साडेसात हजारांपुढे फरक फारसा वाढला नाही. हे नातीला सांगितलं. ती म्हणाली, "आजी, तू चीटिंग करतेयस." मी म्हटलं, "बाळा, ह्याला संदर्भ देणं म्हणतात." शेवटी पाच हजारांवर तह झाला.

जेवणात भात अर्धा, भाकरी एक, डाळ आणि भाजी जास्त. दोन वेळा जेवावं की दर दोन तासांनी खावं, यावर २०१८ च्या सुमारास आमच्या नातेवाइकांत दीक्षित आणि दिवेकर असे दोन पक्ष पडले होते, लग्नाच्या पंगतीतसुद्धा वाद चालायचे. मी दोन्हींकडची निमंत्रणं स्वीकारली आणि कोणाचीच सभासद झाले नाही. एक नियम मात्र घरात नवा केलाय. रात्री सगळ्यांनी एकत्रच बसायचं. सूनबाई "तुम्ही सुरू करा, मी आलेच" म्हणाली की मी ताटावर बसून राहते. पहिले चार दिवस तिला राग आला. आता येऊन बसते.

आणि नमस्कार. गुडघे जमिनीवर टेकत नाहीत म्हणून डॉक्टरांना विचारून भिंतीला आणि खुर्चीला धरून घालते. तीनपासून सुरुवात केली, सध्या सात होतात. वाकताना मंत्र आपोआप तोंडात येतात. मित्र, रवी, सूर्य, भानू... मला कोणी शिकवले नव्हते, पहाटे भिंतीला चिकटून ऐकलेले तेवढेच. साडेसहाला हॉलमध्ये चटई अंथरते. सून तेव्हा डबे भरत असते. परवा मी तिला म्हटलं, "डबे मी भरते उद्यापासून. माझं झालं की तू ये चटईवर." ती म्हणाली, "आई, मला सवय नाही हो." मी म्हटलं, "मलाही नव्हती."

काल तिने पाच घातले. मी डबे भरले. नातीच्या डब्यात चटणी घालायची विसरले, त्यावरून संध्याकाळी बोलणी खाल्ली.